धोंड्याचं व्होल्टेज

योगीराजने परभणीच्या जुन्या बाजारातून मल्टिमीटर आणला तेव्हा त्याच्या बायकोने, शिवकन्येने, एवढंच विचारलं, "ह्याचं करायचं काय?"

"वीज मोजायची."

"मोजून?"

योगीराज पतसंस्थेत कारकून होता आणि तिथे मोजायला वीज सोडून बाकी सगळं होतं. खरी गोष्ट वेगळीच होती. राणीसावरगावच्या सासुरवाडीत त्याला मान होता, पण त्याच्या हातात पाना कुणी देत नसे. मागच्या धोंड्याच्या महिन्यात तो गळका नळ घट्ट करायला गेला होता आणि जेवणाची पंगत ऐनवेळी शेजाऱ्यांच्या ओसरीवर बसवावी लागली होती. तेव्हापासून सासरे सटवाजी जावयाला तक्क्या देत, पंख्याखालची जागा देत आणि तो येणार म्हटलं की स्क्रू ड्रायव्हर लपवून ठेवत. हे योगीराजला फार लागलं होतं. आता अधिक महिना पुन्हा आला होता आणि या वेळी त्याला काहीतरी करून दाखवायचंच होतं.

घरी सराव झाला. नवा कोरा पेन्सिल सेल मोजला, तर दोन व्होल्ट.

"सेलवर दीड लिहिलंय की," शिवकन्या म्हणाली.

"मापाला वरच भरायलेत. चांगली कंपनी हाय."

मग करंट मोजायच्या भोकात लाल वायर घालून त्याने तिचं टोक भिंतीतल्या प्लगला लावलं. थेट शॉर्ट झाला, फट् आवाज आला आणि मीटरमधला फ्यूज गेला. नवा आणला, तोही त्याच वाटेने गेला. मग त्याने आपल्याकडे घरोघरी करतात तेच केलं. वायरीतली एक तार सोलून फ्यूजच्या जागी पिळून बसवली. आता मीटरमधलं काही उडणार नव्हतं.

धोंड्याच्या जेवणाला दोघं राणीसावरगावात पोचली त्या दिवशी कावळेसुद्धा सावली सोडत नव्हते. सटवाजींनी जावयासाठी म्हणून नवा फ्रीज घेतला होता आणि त्यात आमरसाचं पातेलं ठेवलं होतं.

"नवाच हाय, पण कण्हायलाय बगा सारका," सटवाजी म्हणाले.

योगीराज याच वाक्याची वाट पाहत होता. त्याने पिशवीतून मीटर काढला, प्लगमध्ये दोन्ही टोकं घातली आणि आकडा वाचला. "तीनशे दहा! मामा, दोनशे तीस पायजे. बंद करा सगळं, जळंल!"

सटवाजींनी तोंड उघडलं. ट्यूब लागेपर्यंत आरती संपते अशा गावात तीनशे दहा आले कुठून, हे त्यांना विचारायचं होतं. पण सासूबाई सरजाबाईंनी डोळे वटारले. धोंड्याच्या महिन्यात जावई म्हणजे विष्णू, आणि विष्णूला न्हाई म्हणायचं नसतं, हा त्यांचा नियम होता. फ्रीज बंद झाला, कूलर बंद झाला, पंखा थांबला. विष्णूचा शर्ट पाठीला चिकटला.

थोड्या वेळाने सटवाजींना घामाबरोबर अभिमानही सुटला. त्यांनी जावयाला शेजारच्या सितारामकडे नेलं. तिथे तीनशे आठ निघाले. बातमी गल्लीभर झाली आणि जो तो बटणं बंद करून पुठ्ठ्याने वारा घेत बसला. शेवटी वायरमन आश्रुबाला बोलावणं गेलं.

"व्होल्टेज जास्त? आमच्या डीपीवर?" आश्रुबा चाटच पडला. नोकरीत त्याने कमीच्या तक्रारी ऐकल्या होत्या, जास्तीची ही पहिलीच. सरजाबाईंनी त्याच्याकडेही पाहिलं. "जावईबापू म्हनत्यात तर असंल," तो घाईने म्हणाला.

"आता करंट किती ओढायलाय ते दाखवतो," असं म्हणून योगीराजने लाल वायर त्या करंटच्या भोकात घातली आणि टोकं प्लगला लावली.

या वेळी मीटरमधली तार उडाली नाही. प्लग काळा पडला आणि कोपऱ्यावरच्या डीपीच्या पेटीतला फ्यूज फाडकन उडाला. पंखे आधीच बंद असल्यामुळे लाईट गेली हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. जावयाचं न ऐकता चालू ठेवलेली पिठाची गिरणी थांबली आणि गिरणीवाला ओरडत बाहेर आला, तेव्हा कळलं. आश्रुबा डीपीकडे पळाला.

योगीराज पाटावर बसला. भोवती रांगोळी, ताटात पुरणाचे धोंडे, वाटीत कोमट आमरस. त्याला तो नळ आठवला.

सरजाबाई तुपाची धार धरत म्हणाल्या, "जावईबापू, त्या यंत्राला खायला काय लागतंय?"

"आत एक चौकोनी सेल असतो, मामी."

"कवा घातला?"

"आला तसाच हाय."

"मंग ते उपाशी हाय. उपाशी माणसाला दुसऱ्याचं ताट भरलेलंच दिसतंय."

योगीराजचा हात तोंडाशी थांबला. मीटर स्वतःच्या सेलाच्या मानाने दुसऱ्याची वीज मोजतो. सेल उतरला की आकडा चढतो. भजनी मंडळाच्या माईकमध्ये तसलाच सेल होता, तो सटवाजींनी काढून आणला. तोवर आश्रुबाने फ्यूज बांधून लाईट आणली होती. लाल वायर या वेळी शिवकन्येने स्वतः योग्य भोकात घातली आणि टोकं दुसऱ्या प्लगला लावली.

मीटरने एकशे अठ्ठ्याहत्तर दाखवले.

फ्रीज जास्तीने नाही, कमीने कण्हत होता. दारात गल्ली जमली होती. योगीराज कसाबसा म्हणाला, "मामा, खरं सांगायचं तर माझंच—"

सरजाबाईंनी डोळे वटारले. विष्णूची चूक होत नसते. सटवाजींना इशारा कळला. ते गल्लीकडे वळून गरजले, "तीनशे दहा होतं! जावयानं एकशे अठ्ठ्याहत्तरवर आनून दिलं!"

गल्लीने टाळ्या वाजवल्या. निघताना वाणाच्या ताटात चांदीच्या निरांजनाशेजारी सटवाजींनी आपला स्क्रू ड्रायव्हर ठेवला. तो बघून योगीराजचे डोळे भरून आले.

पुढच्याच आठवड्यात सटवाजींचा फोन आला. "जावईबापू, गिरणी फिरंना, मोटार पानी उचलंना. गाव म्हनायलंय, जावयानं लयच उतरवलं. आश्रुबा तर हात लावंना, म्हनतो जावयाचं काम हाय, मी कसं मोडू? जरा येऊन चढवून देता का?"

तेवढ्यात फोनवर मागून सरजाबाईंचा आवाज आला, "आता कसं बोलावता त्यांना? वाण देऊन झालंय! पुढच्या धोंड्याला येतील, तवा चढवतील की. तीन वर्सं तर हायेत."