मामानं मले नागपूरले नेलं

आमच्या घरात यायचं असेल तर आधी फाटकाशी उभं राहून ‘मामानं मले नागपूरले नेलं’ असं खणखणीत म्हणावं लागतं. नाक मोकळं असेल तर वाक्य बरोबर येतं. नाक चोंदलेलं असेल तर मामाचा बाबा होतो, नागपूरचं दागपूर होतं, आणि डोमाजी काका हात आडवा करतात, “मांगच्या ष्टापवर उतरा.”

काका आमचे पिपरी मेघेतले शेजारी. वर्धा–देवळी बसवर जन्मभर कंडक्टर. रिटायर झाले, पण हाताची सवय गेली नाही. बोलता बोलता माणसाला खांद्याला धरून पुढे सरकवतात.

मी म्हणजे आमच्या खानदानात कॉलेजचं तोंड पाहिलेला पहिला माणूस. फाटकावरच्या पाटीवर माझं नाव लहान आणि ‘बी.एस्सी.’ मोठं आहे. पेंटरची चूक नाही, मीच सांगितलं होतं.

आमचा मुलगा जन्मला तो छाती आणि पोटाच्या मधल्या पडद्याला भोक घेऊन. आतडी वर छातीत गेलेली, त्यामुळे डाव्या फुप्फुसाला वाढायला जागाच राहिली नव्हती. नागपूरला ऑपरेशन झालं, पडदा शिवला, पोरगं घरी आलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “दुसऱ्या बाळाला सर्दी म्हणजे सर्दी. याला सर्दी म्हणजे परत मशीनवर. एवढा हिवाळा सांभाळा.” एका विषाणूसाठी इंजेक्शन त्यांनी दिलं होतं. सर्दीवाली माणसं लांब ठेवायचं काम मात्र आमचं.

मी घरच्यांना विषाणू समजावून सांगितला. कॅलेंडरच्या पाठीवर आकृती काढली. कारंज्याहून आलेली आई बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “हे कारलं काऊन काढलं?” मग बारशाचं आवतण सगळ्या गोतावळ्याला देऊन मोकळी झाली.

बारसं म्हणजे बाळ पाळण्याच्या खालून-वरून या बाईच्या हातातून त्या बाईच्या हातात जाणार, आणि हातात आलं की मुका घेतल्याशिवाय कोणी पुढे देणार नाही. मी पाटीकडे पाहिलं. पाटी काही बोलली नाही.

तोड काढली ती काकांनी. आमच्याकडे बाळाच्या आधी वरवंटा पाळण्यात घालतात. काका आईला म्हणाले, “वैनी, वरवंटा त घालतोच ना आपण? मंग गाडी तेथूनच वापस फिरवा. बाळ कायले पाह्यजे?”

“लोक हसतीन, भाऊजी.”

“हसू द्या. हसनाऱ्याले खोकला नसला म्हंजे झालं.”

वरवंट्याला टोपडं घातलं, काजळाची तीट लावली. माझ्या बहिणीने त्याच्याच कानात नाव सांगितलं. मावशीने त्याला छातीशी धरलं, दोन मुके घेतले आणि माझ्याकडे बघून म्हणाली, “बापावर गेला.” बाळ आतल्या खोलीत त्याच्या आईच्या मांडीवर गाढ झोपलं होतं. काका दाराशी साबण-पाणी घेऊन, “हात धुवा, पुढं सरका.” दुसऱ्या दिवसापासून त्यांनी फाटकाशी घडीची खुर्ची टाकली आणि मामाचं वाक्य सुरू केलं.

ऐन थंडीत एक दिवस मीच ऑफिसातून दागपूर घेऊन आलो.

“काका, माझं घर आहे हे.”

“असन. पासवाल्याचीबी चेकिंग होते.”

त्यांनी मला त्यांच्या घरी उतरवलं. काकू गेल्यापासून तिथे ते एकटेच. घरात ताट एकच. त्यात मला खिचडी वाढली आणि स्वतः भगुण्याच्या झाकणीत घेऊन बसले. मी नाक शिंकरत होतो आणि ते बोलत होते. देवळीच्या बाजारच्या दिवशीची बस, टपावर बांधलेल्या कोंबड्या, एकदा बसमध्येच झालेलं बाळंतपण. सर्दी गेली तसं मी वाक्य खणखणीत म्हणून दाखवलं. काकांनी मान तिरपी करून ऐकलं.

“अजून थोडं दागपूर येऊन राह्यलं,” म्हणाले. “आजचा दिवस ऱ्हाय.”

मी राहिलो.

ऊन तापायला लागलं. डॉक्टरीणबाईंनी छाती ऐकली, फोटो पाहिला आणि म्हणाल्या, फुप्फुस छान भरतंय, आता माणसांत न्या याला. मी बाळाला घेऊन थेट फाटकाशी आलो. “काका, सुटले तुम्ही.”

काकांनी खुर्चीची घडी केली. साबणाची वडी फडक्यात बांधली. तेवढ्यात माझ्या लक्षात आलं, या माणसाने सगळा हिवाळा बाळाची राखण केली, पण बाळाला कधी घेतलं नाही. मी पुढे केलं. त्यांनी फडकं परत सोडलं, कोपरापर्यंत हात धुतले आणि मग घेतलं. मुका नाही घेतला. बाळाने त्यांच्या शर्टाचा खिसा पकडला, जिथे ते पूर्वी तिकिटं टोचायचा पंच अडकवायचे तो.

काका खिशाकडे बघत म्हणाले, “तू त शिकेल हायेस. उन्हाळ्यात वायरस नसते काय?”

मी घसा साफ केला. इतकी वर्षं पाटी लावून बसलो होतो, माझ्या डिग्रीला पहिल्यांदाच कोणी काही विचारत होतं.

“असते, काका. उन्हाळ्यातबी असते.”

काकांनी बाळ माझ्याकडे दिलं, खुर्ची उघडून फाटकाला टेकवली आणि बसले. मी आत वळलो तर हात आडवा आला.

“कुठं चालला? पह्यले मामा म्हण.”