साहेबी आश्चर्याची श्रेणीवारी

राज्य बदललं की झेंडा बदलतो, नाणं बदलतं, शिक्के बदलतात, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. पण राज्य बदललं की आश्चर्यसुद्धा बदलावं लागतं, याकडे इतिहासकारांनी अक्षम्य दुर्लक्ष केलेलं आहे. ही उणीव औरंगाबादेतल्या एका कचेरीने भरून काढली. (कचेरीचं नाव देत नाही. तिथल्या काहींची पेन्शन अजून चालू आहे.)

हैदराबाद संस्थानावरच्या पोलीस ॲक्शनपूर्वी या कचेरीत आश्चर्याचा कारभार सुरळीत होता. वरिष्ठ काही बोलले की कनिष्ठाने उजव्या हाताचं बोट दातांत धरायचं. फार्सी वाक्प्रचारात बोट दातांत असे, मराठीत तोंडात असे, त्यामुळे सगळ्या जातीधर्मांचं एकाच बोटात भागत होतं. पुढे निजामशाही गेली, उर्दू दफ्तर गुंडाळलं गेलं आणि बाहेरच्या प्रांतातून नवे साहेब आले. त्यांनी पहिल्याच दिवशी बरंसं भाषण केलं. समोर बघतात तर सगळ्या कारकुनांची बोटं तोंडात. साहेबांना वाटलं, गावात दातांची साथ आली आहे. खुलासा झाल्यावर त्यांनी हुकूम काढला, की यापुढे आश्चर्य इंग्रजीत करावं.

हा हुकूम सगळ्यांत जड गेला तो रामकिसनला. हा देवगाव रंगारीचा, उर्दू शाळेत शिकून हंगामी कारकून झालेला. त्या वर्षी तो कायम व्हायचा होता. झाला तर शहागंजातली खोली आणि बायको चतुराबाईचा संसार टिकणार होता. न झाला तर गावी थोरल्या भावाच्या हाताखाली जायचं, आणि तो भाऊ त्याला आत्ताच चारचौघांत 'कलमबहाद्दर' म्हणून हाक मारायचा. रामकिसन खरोखर कष्टाळू होता, हे इथंच सांगून टाकतो, कारण पुढे ते कुठंच उपयोगी पडणार नाही.

हेडक्लार्क आप्पासाहेबांकडे एक जाडजूड इंग्रजी कोश होता. कचेरी सुटल्यावर ते व्हरांड्यात इंग्रजी बघण्याचा इतिहास शिकवू लागले. त्यांचं मत असं, की बेटावर बघण्यासारखं फारसं काही नसल्यामुळे इंग्रजांनी बघण्याचेच प्रकार पाडले. 'गेप' म्हणजे तोंड वासून बघणं. हा शब्द उत्तरेकडच्या दर्यावर्दी लोकांकडून आला. (तोंड उघडं ठेवून समुद्र कसा ओलांडला, याबद्दल कोश गप्प आहे.) 'स्टेअर' म्हणजे टक लावून बघणं, हा अस्सल घरचा, मुळात ताठपणाशी नातं सांगणारा. 'गेझ' म्हणजे तोंड मिटून, शांतपणे, लांबवर बघणं. आणि 'गॉक' म्हणजे बावळटासारखं बघणं. याचा उगम अनिश्चित आहे, असं खुद्द कोशच म्हणतो. आपल्याकडच्या निम्म्या गायरानांच्या मालकीचंही तेच असल्यामुळे हा शब्द सर्वांना लगेच आपला वाटला.

साहेबांनी यावरून श्रेण्या पाडल्या. साहेबांनी गेझ करावं, हेडक्लार्कने स्टेअर, कारकुनांनी गेप, शिपायांनी गॉक. पाहणी केली तेव्हा शेकडा एकाहत्तर कारकुनांची तोंडं मुळातच उघडी आढळली, त्यामुळे सरकारवर खर्चाचा बोजा पडला नाही. अडचण एकच होती. तोंड उघडलं रे उघडलं, की सवयीने बोट आत जात होतं.

रामकिसन घरी सराव करू लागला.

"आवं, दाढ दुखती काय?" चतुराबाईने विचारलं.

"सरकारी काम हाय. माझा हात धरून ठेव."

"सरकार तोंडात बघणार व्हय?"

"बघणार. नीट उघडलं तर कायम. नाय तर चला देवगावला."

चतुराबाई समजूतदार बाई. तिने लुगड्याच्या चिंधीने नवऱ्याचा उजवा हात बाजेला बांधला आणि त्याला एकेक नवल ऐकवायला बसली. गोडंतेल स्वस्त झालं म्हणाली. तुमच्या भावानं माझ्या सैपाकाची तारीफ केली म्हणाली. चिंधी सोडल्यावरही रामकिसनचा हात जागचा हलेना, तेव्हा दोघं पोटभर हसली.

या आश्चर्याची परीक्षा कचेरीच्या वेरूळ दौऱ्यात झाली. एवढा मोठा डोंगर वरून खाली कोरत आणून केलेलं कैलास लेणं साहेबांनी आधी पाहिलं नव्हतं. कचेरी रांगेत उभी राहिली. बाकी सगळ्या कारकुनांची बोटं तोंडात गेली. एकट्या रामकिसनचं तोंड मोकळं वासलेलं आणि हात मांडीला चिकटलेले. कोशात चित्र छापावं असं गेप! आप्पासाहेबांनी खुशीने मान डोलावली आणि साहेबांकडे पाहिलं. साहेबांचाही आ वासलेला होता. एक माशी आत जाऊन, परिस्थिती पाहून, बाहेर आली.

प्रसंग बिकट होता. साहेबांकडून कारकुनी आश्चर्य घडलं होतं. साहेबांना खाली आणणं शक्य नव्हतं, म्हणून शब्द वर नेण्यात आला. संध्याकाळी हुकूम निघाला, की गेप हे साहेबांपुरतं राखीव असून ही दुरुस्ती त्या दिवशी सकाळपासून लागू समजावी.

दुसऱ्या दिवशी आप्पासाहेबांनी रामकिसनला बोलावलं. "तुझ्यावर ठपका आलाय. पायरी सोडून आश्चर्य केलंस."

"मी तर हुकमाबरहुकूम तोंड उघडलं, आप्पासाहेब."

"हुकूम सकाळपासून बदललाय."

"पण निघाला तर सांजच्याला. मला सकाळी कसं कळावं?"

"बाकीच्यांना कसं कळलं? त्यांनी बोटानं तोंडं बंद ठेवलीच ना?"

बाकीचे सगळे कायम झाले. रामकिसनला घरी बसवलं. मला त्याचं मनापासून वाईट वाटतं. चतुराबाई तर शहागंजातली खोली रिकामी करताना चुलीपाशी बसून रडली. टांग्यात पेटी, वळकटी आणि दोन माणसं बसली, टांगा भर बाजारातून कचेरीसमोरून गेला, आणि कचेरीतल्या कोणीही मान वर करून पाहिलं नाही.

त्यानंतर म्हणे आप्पासाहेबांनी कोश पुन्हा उघडला. असं काही डोळ्यांदेखत घडत असताना बघणाऱ्याला काहीच न वाटणं, याला इंग्रजीत काय म्हणतात, ते त्यांना हवं होतं. तसा शब्द सापडला नाही. जे सगळेच रोज करतात त्याला वेगळा शब्द कशाला, असं म्हणून त्यांनी कोश मिटला.

वाचकहो, हुकूम पाळल्याबद्दल एका माणसाची नोकरी गेली, हे आपण आत्ताच वाचलंत. आपलं तोंड चाचपून पाहा. मिटलेलंच आहे ना? मग काळजी नसावी. आपण कायम आहात.