नाकेदारांनी तपासलेला वाघ

नामदेवराव नाकेदारांनी एका कवितेचा पंचनामा केला होता. रीतसर, फुलस्केप कागदावर, दोन पंचांच्या सह्यांसकट. पंचांपैकी एक गावचा न्हावी होता. दुसरा ठार बहिरा असल्यामुळे त्याची कवितेबद्दल काही तक्रार नव्हती.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं आणि मी मोताळ्याकडच्या एका गावी मास्तर म्हणून लागलो होतो. गाव अगदी नवं. जुनं गाव धरणाच्या पाण्याखाली जायचं होतं, म्हणून सगळ्यांना उठवून इकडे माळावर वसवलेलं. नामदेवराव जंगल खात्यातून नाकेदार म्हणून रिटायर झालेले. एकटेच राहत, शाळेला लागून. रोज सकाळी खाकी कोट चढवून ते वर्गाच्या खिडकीशी उभे राहत आणि मी काय शिकवतो ते तपासत.

एके दिवशी सातवीच्या पुस्तकातली ती कविता निघाली. उजाड झालेल्या नगरीत भर दुपारी एक वाघ फिरतो, राजवाड्यात शिरतो आणि दगडी सिंहासनावर जाऊन बसतो. मी मुलांना सांगितलं, "इथे वाघ म्हणजे काळ."

"गुरुजी," खिडकीतून आवाज आला, "वाघ म्हंजे वाघ."

मुलं हसली. नामदेवराव हसले नाहीत. त्यांना हसताना कोणी पाहिलं नव्हतं.

"अन् भर दुपारी तो तापल्या फत्तरावर काऊन बसीन? पोळत नाई का त्याले?"

दुसऱ्या दिवशी पंचनामा माझ्या टेबलावर. वाघ रस्त्याच्या मधून चालल्याचे नमूद आहे. वाघ कडेने चालतो. पाणवठ्याचा उल्लेख नाही. पंजाचे माप घेतलेले नाही. सबब सदर वाघ संशयास्पद.

मी मॅट्रिक होतो, वर ट्रेनिंगही झालेलं. मी त्यांना बसवून अर्धा तास प्रतीक समजावून सांगितलं. त्यांनी मान हलवत सगळं ऐकून घेतलं.

"हे सारं खुर्चीत बसून झालं," ते म्हणाले. "ईतवारी जाग्यावर चाला."

रविवारी सकाळी आम्ही तीन मैल चालून जुन्या गावात गेलो. लोकांनी दारं, आढी, पत्रे, सगळं काढून नेलं होतं. बिनछपराच्या भिंती तेवढ्या उभ्या होत्या, आणि अंगणाअंगणांतून गवत वाढलं होतं.

"आता मी वाघ," नामदेवराव म्हणाले.

आणि ते खरोखरच भिंतीच्या कडेकडेनं, मान खाली घालून, पाय न वाजवता चालू लागले. मी मागून. कवितेत मी कोण होतो, ते मला अजून कळलेलं नाही. प्रत्येक दारापाशी ते थांबायचे, आत पाहायचे, पुढे निघायचे.

"हे सुताराचं... हे मैनाबाईचं. भल्ली भांडखोर होती बाई."

बारा-पंधरा घरं झाल्यावर मी कंटाळलो. "नामदेवराव, इथे शिकार नाही, पाणी नाही. मग वाघ येईल कशाला?"

ते गावाच्या टोकाच्या एका घरात शिरले. मी दारातून पाहिलं. भिंतीवर चुन्याच्या उभ्या रेघा होत्या, जमिनीपासून हात पोचेल तिथवर, ओळीनं.

"मी जंगलात गेलो का माही बायको रोज एक रेघ मारे," ते म्हणाले. "लिवता येत नव्हतं तिले. मी वापस आलो का मोजून दाखवे अन् मंग भांडे."

"आणि या?" मी विचारलं. चुन्याच्या रेघा संपत होत्या तिथून कोळशाच्या सुरू झाल्या होत्या. त्याही पुष्कळ होत्या.

"त्या माह्या. ती गेल्यावरच्या. रोज येणं होत नाई आता, ईतवारी येऊन हप्त्याच्या मारतो." त्यांनी भिंतीवरून हात फिरवला. "दार नेलं, आढं नेलं, पाटा-वरवंटा नेला, गुरुजी. भिंत नाई नेता आली."

"पण पाणी..."

"पाणी येईन ना पुढच्या पावसात. तवालोक येत राहतो मी."

कोटाच्या खिशातून त्यांनी कागदात गुंडाळलेला कोळसा काढला आणि भिंतीपुढे उकिडवे बसून एकेक रेघ मारू लागले. मी दारातच उभा राहिलो. सातवी रेघ जरा वाकडी आली. ती त्यांनी अंगठ्यानं पुसली आणि पुन्हा सरळ मारली.