मधल्या नावाचे साहेब

खराडीतल्या आमच्या कंपनीचा जुना सर्व्हर सेवामुक्त करण्याचा निर्णय दसऱ्याच्या सुमारास घेण्यात आला. सर्व्हर थकला होता. उन्हाळ्यात त्याच्यासमोर टेबलफॅन लावावा लागे आणि पावसाळ्यात त्याच्या खोलीत बादली ठेवावी लागे. तरी तो इमानी होता. कंपनीतला कोणता माणूस कोण आहे, हे फक्त त्यालाच ठाऊक होतं. आपण दाराला कार्ड लावलं की दार त्याला विचारी, "हा आपला का?" तो "आपला" म्हणाला की दार उघडे. कॉम्प्युटर, कँटीन, लिफ्ट, सगळे त्यालाच विचारून चालत. या माहितीला डिरेक्टरी म्हणतात. जुन्या सर्व्हरवरची ही डिरेक्टरी उचलून नव्या सर्व्हरवर ठेवायची, एवढंच काम होतं.

या एवढ्याशा कामाबद्दल कोणालाच काळजी नव्हती, म्हणून ती मी करत होते. कारण तळमजल्यावरच्या पाळणाघराचं दारही सर्व्हरलाच विचारून उघडायचं, आणि त्या दाराआड माझी मैत्री असायची. वय सव्वा वर्ष.

शुक्रवारी मी शंभूला गाठलं. शंभू म्हणजे आमच्या ओळख व प्रवेश विभागाचा प्रमुख आणि त्या विभागातला एकमेव माणूस.

"शंभू, पाळणाघराचं नीट येईल ना?"

"मॅडम, सगळं जसंच्या तसं येणार. अगदी कँटीनची उधारीसुद्धा."

"नाही आलं तर?"

"तर जुना आहेच की."

"पण जुना तर तुम्ही बंद करताय."

"मॅडम," शंभू शांतपणे म्हणाला, "तुम्ही फार पुढचा विचार करता."

खंडेनवमीला नव्या सर्व्हरची पूजा झाली. त्या खोलीत धुराची घंटा असल्यामुळे उदबत्ती पेटवता येत नव्हती, म्हणून उदबत्तीचा बंद पुडाच ओवाळण्यात आला. नारळ बाहेर पार्किंगमध्ये फोडला. जुन्या सर्व्हरलाही झेंडूचा हार घातला आणि मग त्याचं बटण बंद केलं. आमचे उपाध्यक्ष रतन सर यांनी छोटंसं भाषण केलं. आता आपण जागतिक दर्जाचे झालो, असं त्यांचं म्हणणं होतं. पेढे मात्र मोजकेच होते.

दसऱ्याच्या सुट्टीनंतर सोमवारी मी मैत्रीला पाळणाघरात सोडलं आणि वर गेले. मूल आत सोडायला परवानगी लागत नाही. ती न्यायला लागते. जागेवर बसते तोच बातमी आली की रतन सरांचा कॉम्प्युटर उघडत नाहीये, कारण त्यांच्या वरिष्ठांनी अजून मंजुरी दिलेली नाही.

"त्यांचे वरिष्ठ कोण?" मी विचारलं.

"बापूराव."

बापूराव नावाचे कोणी साहेब कंपनीत नव्हते. बापूराव हे रतन सरांचे वडील. वय ऐंशीच्या पुढे, राहणार सदाशिव पेठ.

झालं होतं ते असं. नव्या सर्व्हरवर प्रत्येक माणसापुढे 'वरिष्ठ' असा एक रकाना होता आणि तो रिकामा ठेवायला बंदी होती. जुन्या सर्व्हरवर असा रकानाच नव्हता. कोण कोणाचा साहेब हे तेव्हा ओरडण्यावरून कळत असे. नवा सर्व्हर बसवायला बंगळुरूहून एक सल्लागार आला होता. त्याने जुनी माहिती उघडून पाहिली. प्रत्येकाच्या नावात तीन नावं. पहिलं माणसाचं, शेवटचं घराण्याचं.

"आणि हे मधलं कोणाचं?" त्याने शंभूला विचारलं होतं.

"आमच्यात वडिलांचं असतं," शंभूने खरं ते सांगितलं. "लग्नानंतर मुलींचं बदलतं. नवऱ्याचं येतं."

"बदली झाली की बदलतं?"

"तसंच म्हणा."

"म्हणजे वरिष्ठच की," सल्लागार म्हणाला आणि त्याने मधलं नाव उचलून त्या रकान्यात बसवलं. काम वेळेत संपलं आणि तो विमानाने परत गेला.

आता वरिष्ठ म्हटला की त्याचं खातं हवं. नव्या सर्व्हरने ती उणीवही स्वतःहून भरून काढली. जिथे वडील किंवा नवरा कंपनीत नव्हता, तिथे त्याने त्यांच्या नावाची खाती उघडली. मोबाईल नंबर 'आणीबाणीत कोणाला कळवावे' इथून घेतले. त्यांच्याही वरचा कोण, हे काही सर्व्हरला सापडेना. तेव्हा त्या सर्वांना 'अंतिम अधिकारी' असा दर्जा बहाल करण्यात आला. सोमवारी सकाळपर्यंत कंपनीत जवळजवळ नोकरांइतकेच मालक झाले होते.

दुपारपर्यंत कामकाज एका नव्याच शिस्तीत सुरू झालं. बापूरावांनी रतन सरांचा कॉम्प्युटर उघडून दिला, पण त्यांचा सिंगापूरचा दौरा फेटाळला. शेरा होता, 'परवाच महाबळेश्वर झाले.' अकाउंट्समधल्या एकाची रजा त्याच्या वडिलांनी मंजूर केली, पण कारण वाचून. त्यामुळे त्याला आता घरी जायची भीती वाटत होती. ज्यांचे वडील हयात नव्हते, त्यांना दर तासाला एक संदेश येई : 'आपले वरिष्ठ सध्या प्रतिसाद देऊ शकत नाहीत. कृपया प्रतीक्षा करावी.' लग्न झालेल्या आम्हा बायकांचं तर विचारूच नका. रंगीत कागद हवा म्हणून एकीने अर्ज केला, तर तिकडून नवऱ्याचं उत्तर आलं, 'येताना कोथिंबीर आण.'

मी हसत होते. माझं साधं होतं. माझा नवरा अभिनव याच कंपनीत वरच्या मजल्यावर बसतो. माझा वरिष्ठ म्हणून त्याचंच नाव आलं असणार आणि तो त्या दिवशी जर्मनीच्या विमानात होता. एक दिवस रंगीत कागद नाही मिळाला तर काय बिघडतं?

तेवढ्यात पाळणाघरातून शालनताईंचा फोन आला. "रुपाली, मैत्रीचं अंग जरा गरम लागतंय. घेऊन जा बाई."

'जरा' हा शब्द आईला सांगू नये. मी जिन्याने खाली आले. काचेच्या दारापलीकडे मैत्री शालनताईंच्या कडेवर होती, गाल लाल. मी कार्ड लावलं. दाराने लाल दिवा दाखवला.

"ताई, दार उघडत नाहीये."

शालनताईंनी आतल्या पडद्यावर चष्मा लावून वाचलं. "अगं, हे म्हणतंय तू हिला नेऊ शकत नाहीस."

"मी आई आहे तिची!"

"मला माहितेय ना. पण मशीनला तू हिची सहकारी दिसतेस."

"सहकारी?"

"इथल्या मुलांची नावंही त्याच डिरेक्टरीत आहेत ना. दोघींचे वरिष्ठ अभिनव. म्हणजे तुम्ही दोघी एकाच पायरीवर. सहकाऱ्याने सहकाऱ्याला न्यायचं नसतं म्हणे."

"ताई, तुम्ही आतून उघडा ना."

"उघडते की. पण मग भोंगा वाजतो. आत्ता कुठे बारा जणं झोपलीयत. तू झोपवायला येणार आहेस का?"

मी शंभूला फोन लावला. तो धावत आला. दोन दिवसांत त्याची दाढी वाढली होती.

"मॅडम, सोपं आहे. मैत्रीला न्यायला तिच्या वरिष्ठांची मंजुरी हवी."

"तिचे वरिष्ठ विमानात आहेत."

"मग वरिष्ठांचे वरिष्ठ."

अभिनवचं मधलं नाव कोंडीराम. म्हणजे माझे सासरे. कात्रजच्या एका दूध डेअरीतून निवृत्त झाले आणि आता लोणी काळभोरला राहतात. शंभूने बटण दाबलं, त्यांच्या मोबाईलवर मेसेज गेला. पाच मिनिटं झाली, दहा झाली. दिवा लालच. मी बाबांना फोन लावला.

"बाबा, मेसेज आला का?"

"आला. 'मैत्री यांना सोडण्यास मंजुरी असल्यास एक दाबा.' म्या काय दाबनार न्हाय."

"का?"

"अभिनवनंच बजावून सांगितलंय. कुटलाबी मेसेज आला आन् कायबी दाबा म्हनला, तर दाबायचं न्हाय. पैसं जात्यात."

"बाबा, मी रुपाली बोलतेय."

"आवाज तर तुजाच हाय. पन हल्ली आवाजबी काडत्यात म्हनं. रविवारी तुमच्याकडं काय जेवलो सांग."

"मेथीची भाजी. आणि तुम्ही म्हणालात मीठ कमी आहे."

"बराबर हाय. मीठ कमीच हुतं."

"मग दाबा ना!"

"दाबनार न्हाय. येतोच."

हडपसरला बस बदलून बाबा येईपर्यंत मी काचेला नाक लावून उभी होते. मैत्री आतून काचेवर थापा मारत होती. तिला हा खेळ वाटत होता. मी तोंडाने 'पाणी पी, पाणी पी' म्हणत होते, तीही तसेच ओठ हलवत होती. काचेच्या दोन्ही बाजूंना दोन सहकारी, आणि दोघींचा साहेब ढगात.

बाबा फाटकाशी आले तेव्हा त्यांच्या हातात कापडी पिशवी होती. एरवी आमचा सुरक्षारक्षक दशरथ पाहुण्यांना आधार कार्ड, फोटो, सही, फोनवरून खातरजमा असं सगळं करायला लावतो. आज त्याने मशीनवर नाव पाहिलं, फक्त अंगठा उमटवून घेतला, त्यांच्या गळ्यात पिवळं कार्ड घातलं आणि कडक सलाम ठोकला.

"या साहेब. अंतिम अधिकारी आहात आपण."

"असं?" बाबा म्हणाले. "मग ही पिशवी धरा."

लॉबीत रतन सर फेऱ्या मारत होते. त्यांनी बाबांच्या गळ्यातलं पिवळं कार्ड पाहिलं आणि ते हात जोडून पुढे आले.

"काका, एक विनंती होती. माझ्या वडिलांनी माझी एक फाईल अडवलीय. आपण अंतिम अधिकारी, आपला अंगठा चालेल."

"काय हाय फाईल?"

"आमची डिलिव्हरी कॅपॅबिलिटी लीव्हरेज करून एंड टू एंड..."

"मराठीत सांगा."

रतन सरांनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. तिथे उभ्या असलेल्या आम्हा सगळ्यांना प्रथमच कळलं की आमच्या कंपनीचं काम मराठीत सांगता येत नाही. इंग्रजीतही ते कोणाला कळलं होतं असं नाही.

"मग ऱ्हाऊ द्या," बाबा म्हणाले. "बापूरावांनी इचार करूनच अडवली आसंल."

पाळणाघराच्या दाराला त्यांनी अंगठा लावला. हिरवा दिवा. दार उघडलं. शालनताईंनी मैत्रीला त्यांच्याकडे दिलं. बाबांनी तिच्या कपाळाला हात लावला, मग मानेमागे बोटं घातली.

"रुपाली, हिला स्वेटर कितीक घातलेत?"

"दोनच."

"आक्टोबरात?"

स्वेटर काढले. ताप गेला. मी मैत्रीला घ्यायला हात पुढे केले, तर शंभूने घसा खाकरला. "आवारात नको मॅडम. कॅमेरे आहेत. फाटकाबाहेर घ्या."

इतका वेळ धरून ठेवलेलं सगळं तेव्हा बाहेर आलं. मी शंभूला, सल्लागाराला, नव्या सर्व्हरला आणि जागतिक दर्जाला जे काही बोलले, ते इथे लिहिण्यासारखं नाही. मी तिची आई आहे, असंही बहुधा चारपाच वेळा म्हणाले. शंभूने सगळं ऐकून घेतलं. मग तिथेच सोफ्यावर बसून लॅपटॉप उघडला.

"मॅडम, तुमचं बरोबर आहे. आणि उपाय अगदी सोपा आहे. मैत्रीच्या मधल्या नावात तुमचं नाव टाकतो. मैत्री रुपाली रणपिसे. मग वरिष्ठ तुम्ही. कुठलंही दार तुम्हाला पुन्हा विचारणार नाही. फक्त नव्या सर्व्हरवरून हे आधार, शाळा, सगळीकडे जातं, एवढं लक्षात घ्या."

त्याने नाव टाइप केलं. आम्ही सगळे पडद्याकडे बघत राहिलो.

"छान दिसतंय की," शालनताई म्हणाल्या.

"पण शाळेत विचारतील," दशरथ म्हणाला. "वडील नाहीत का म्हणून."

"तत्त्वतः माझा पाठिंबा आहे," रतन सर म्हणाले, "मात्र घाई नसावी." हे तेच रतन सर, जे सकाळपासून मधल्या नावाच्या जुलुमाविरुद्ध आरडाओरडा करत होते.

बाबांनी नातीला दुसऱ्या कडेवर घेतलं. "माजी काय ना न्हाय. ती तुजीबी हाय की. तू सांग, म्या लगेच अंगठा देतो."

आता कोणाचीच हरकत उरली नव्हती. अंतिम अधिकाऱ्यांची मंजुरी होती, शंभूचं बोट बटणावर होतं, आणि सगळे माझ्याकडे बघत होते. मीही पडद्यावरच्या त्या नावाकडे पाहिलं. खरंच छान दिसत होतं.

"थांबा," मी म्हणाले. "अभिनव उतरला की त्याला विचारून सांगते."

शंभूने माझ्याकडे पाहिलं. मग अत्यंत आदराने लॅपटॉप मिटला.

"म्हणजे मॅडम, डिरेक्टरी बरोबरच आली आहे."

फाटकाबाहेर बाबांनी मैत्रीला माझ्या हातात दिलं. ती काचेवर मारायची तशीच माझ्या गालावर थाप मारून खदखदून हसली. तुम्हीही हसत असाल. हसा, माझी हरकत नाही. फक्त तुमच्या लेकीचं पूर्ण नाव एकदा मोठ्याने म्हणून बघा. आणि ते बदलायचं तर आधी कोणाला विचाराल, तेही मनातल्या मनात का होईना, सांगून टाका.