पाहुणे यायच्या आत

गंगाक्कांच्या अभ्यासिकेत लग्नाचं सिंहासन आहे. सोनेरी, लाल मखमलीचं, दोन्ही हातांशी एकेक सिंह. ज्याची उद्या परीक्षा, तो आज सिंहासनावर, असा तिथला नियम. देवणीजवळच्या आमच्या खेड्यातून नांदेडला आल्यापासून मी अर्धं रसायनशास्त्र त्या सिंहांच्या तोंडात बोटं घालून पाठ केलं आहे.

गंगाक्का मंडपवाल्या. चार सतरंज्या भाड्यानं देण्यापासून त्यांनी सुरुवात केली. आता शहरातल्या कितीतरी लग्नांत आपण बसतो ती खुर्ची त्यांचीच असते. साठी ओलांडल्यावर त्यांनी एक गोदाम रिकामं करून मुलांना अभ्यासाला दिलं आणि धंद्याची मिळकत आमच्या फीकडं वळवली. सिंहासन जड, म्हणून ते तिथंच राहिलं.

त्यांचं बोलणं मात्र अजून मंडपातलंच. "फॉर्म भरला का? पाहुणे यायच्या आत भर." "जेवून घे गं, पाहुणे यायच्या आत." सुरुवातीला मी खरंच दाराकडं बघायची. कुणी यायचं नाही.

फीसाठी पहिल्यांदा गेले तेव्हा मी गुणपत्रिका पुढं केली. त्यांनी ती उलटी करून तिच्यावर चहाचा कप ठेवला.

"ते ऱ्हाऊ दे. त्या पन्नास खुर्च्या मांड."

मी मांडल्या. आक्कांनी एक डोळा मिटून ओळीतून पाहिलं. "ही तिसरी कुठं निघाली? माहेराला?"

मी ती सरळ केली.

"आन् मधीच कुण्या म्हाताऱ्याला उठायचं असलं तर? वाट कुठाय?"

मी घाबरून ओळी सरकवल्या, मधे वाट केली. मग काय सुचलं कोण जाणे, एक खुर्ची पंख्याखाली वेगळी ठेवली. आमची आजी लग्नात तशीच बसते.

आक्का त्या खुर्चीकडं बघत राहिल्या. "फी किती हाय?" त्यांनी विचारलं.

यंदा मी पदवीधर झाले. आमच्या घरात पहिलीच. कॉलेजच्या समारंभाला आईवडील येणार होते, पण आक्काही समोर बसलेल्या दिसाव्यात, असं मला फार वाटत होतं. अडचण एकच. आक्का कुठल्याच समारंभाला थांबत नाहीत. शेवटची खुर्ची लागली आणि पाहुण्यांची पहिली गाडी दिसली, की त्या मागच्या बाजूनं निघून जातात. या समारंभाचा मंडपही त्यांचाच होता.

"या वेळी थांबा ना आक्का," मी म्हटलं.

"माझं काम पाहुणे यायच्या आत संपतंय. मागून थांबून काय करू, खुर्च्या मोजू?"

मी हसले. पहिल्या मंडपापासून त्यांच्यासोबत बांबू रोवणारे रहीमचाचा हसले नाहीत. आक्का आत गेल्यावर ते हळूच म्हणाले, "बेटा, लोकं आक्काकडं ऑर्डर घेऊन येतेत. पत्रिका घेऊन कोण आलं आजपस्तोर?"

मी जाड कागद आणला. जमेल तशा अक्षरात पत्रिका लिहिली, चार कोपऱ्यांना हळदकुंकू लावलं आणि आक्कांच्या हातात दिली. त्यांनी ती दोनदा वाचली.

"ओळी वाकड्या आल्यात," एवढंच म्हणून त्या गोदामाच्या मागं गेल्या. बराच वेळ आल्या नाहीत.

समारंभाच्या सकाळी खुर्च्या लागल्या. पहिली गाडी आत आली आणि आक्का नेहमीसारख्या मागून निघाल्या. त्यांना ऑटोत बसताना मी पाहिलं. हाक मारायचं धाडस झालं नाही.

आम्ही पदवीधर दाराजवळच्या ओळीत होतो. भाषण रंगात आलं असताना मागं कुजबुज ऐकू आली. इरकली लुगडं, अंबाड्यात गजरा. आक्का! दारावरचे शिपाई त्यांना समजावत होते, "आक्का, खुर्च्या नंतर न्या की. आत्ताशी तर सुरू झालंय."

आक्कांनी पिशवीतून पत्रिका काढून त्यांच्या नाकापुढं धरली.

"पाहुणी हाय मी. सरका."

आईशेजारची खुर्ची रिकामी होती. आक्का तिथं जाऊन बसल्या. तेवढ्यात माझं नाव पुकारलं गेलं आणि मी स्टेजवर गेले, त्यामुळं पुढचं मला आईनं नंतर सांगितलं. आईनं आक्कांना कधी पाहिलं नव्हतं. लग्नात विचारतात तसं तिनं सहज विचारलं, "तुम्ही कुणाकडच्या?"

आक्कांनी स्टेजवरची नजर काढली नाही.

"मुलीकडची," त्या म्हणाल्या, आणि पुढची रिकामी खुर्ची पायानं सरळ केली.