केंजळे मास्तरांनी 'भेटावे' लिहिले त्याची हकीकत

श्रीगजाननास नमन, शारदेस नमन, आणि लाल शाईसही नमन, जिच्यावाचून विद्येचे राज्य एक दिवस चालत नाही. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, ज्येष्ठ मासी शाळा भरली, तेथपासोन फाल्गुन अखेरपावेतो त्या राज्यात जे वर्तमान घडले, ते कोणाचे भय न धरिता आणि कोणाचे मीठ न खाता लिहिले आहे. राज्याचे नाव लिहीत नाही, कारण नाव लिहिले की चौकशी लागते. पत्र्याचे छप्पर, पुढे मैदान, मागे उसाचे रान, आणि गादीवर मुख्याध्यापिका घोरपडे बाई. बाई बहुत दक्ष, व्हरांड्यात त्यांची चप्पल वाजली की वर्गांतून पाढे आपोआप सुरू होत. त्या राज्यात भूगोलाचा कारभार केंजळे मास्तरांकडे होता. सबंध पृथ्वी मास्तरांचे ताब्यात, परंतु राहणे दोन खोल्यांत, आणि संवत्सराचे नाव क्रोधी असोनही मास्तरांस क्रोध म्हणून येत नसे.

मास्तरांची सुखे लहान लहान होती. कोरा खडू फळ्यावर न मोडता ओळीच्या शेवटापर्यंत गेला की त्यांचा दिवस चांगला जात असे. परंतु खरे सुख पेपर तपासण्याचे. इतर सरदार गठ्ठा पाहोन कपाळास हात लावीत, आणि मास्तर तो गठ्ठा पिशवीत घालोन असे घरी नेत, की जणू बाजारातून ताजी भाजी आणिली. मग सायंकाळी हातपाय धुवोन, चहा घेवोन, लाल पेन कागदावर ओढोन पाहात आणि मोहिमेस बसत. एखाद्या पोराने नकाशात समुद्राच्या कडेस निळी पेन्सिल हलक्या हाताने फिरवलेली दिसली की खुशीने मान हलवीत, आणि मागे नापास झालेला गडी काठावर का होईना पास होताना दिसला की उठोन खोलीत एक फेरी मारीत. आणि पूर्वी या मोहिमेत त्यांचे कुटुंब मंदाकिनीबाई बरोबरीने असत. मार्कांची बेरीज बाईंकडे. मास्तरांनी तपासावे, मजेचे उत्तर निघाले की मोठ्याने वाचावे, आणि बाईंनी स्वयंपाकघरातून हसावे, असा संसार बहुत वर्षे चालला. गतवर्षी बाई वारल्या. पुत्र परमुलुखी नोकरीस, तो आठवड्यास फोन करी आणि जेवलात का म्हणोन विचारी. तेव्हापासोन बेरीज मास्तर स्वतःच करीत, आणि एकदा केलेली परत करीत, कारण दुसरे काम नव्हते.

ऐसे असता श्रावणात घटक चाचणीचे पेपर आले. प्रश्न होता, वारे का वाहतात? सर्वांनी वायुदाबाचे पुस्तकी उत्तर उतरविले. आणि नववीतील तमन्ना मुलाणी, जिचे वडिलांचे पेठेत सायकल दुरुस्तीचे दुकान, तिने लिहिले की, वाऱ्याला एका जागी करमत नाही म्हणून. मास्तर पोट धरोन हसले, आणि सवयीने स्वयंपाकघराकडे मान वळवोन म्हणाले, "अगं, ऐकलंस का?" आणि तिकडून काही आले नाही. भांडी धुवोन पालथी घातली होती, ती तशीच होती. मास्तरांस तेसमयी फार एकटे वाटले. मग त्या उत्तरास नियमाने शून्य, मनाने पूर्ण, म्हणोन अर्धा गुण दिला, आणि खाली लाल शाईने लिहिले, भेटावे. आता त्या राज्याची रीत अशी, की भेटावे हा शेरा गुन्हेगारास मिळे. ज्याने नक्कल केली, ज्याने मास्तराचे चित्र काढले, त्यासच तो मिळे, आणि पोरे तो पेपर घडी घालोन खिशात कोंबीत. दुसरे दिवशी मधल्या सुट्टीत तमन्ना स्टाफरूमचे दाराशी उभी राहिली, ओढणीचे टोक बोटास गुंडाळीत, आणि म्हणाली, "सर, काय चुकलं?" मास्तर म्हणाले, "काही नाही. बस." आणि स्टूल पुढे केले, डब्यातला शेंगदाण्याचा लाडू दिला, आणि तिचेच उत्तर तिला वाचून दाखविले. पोर आधी घाबरली, मग हसली. "अब्बा म्हणत्यात तसं, सर. गिऱ्हाईक नसलं की दुकानातनं रस्त्यावर येत्यात, म्हणत्यात, करमंना झालंय." मास्तर म्हणाले, "अगदी खरं आहे त्यांचं." आणि त्या दिवशी वर्गात त्यांनी वारे असे शिकविले, की शेवटच्या बाकावरची मंडळीही खिडकीबाहेर पाहावयाचे विसरली.

मग मास्तरांस चटक लागली. पुढील पेपरात चांगले उत्तर दिसले की भेटावे, मजेचे दिसले की भेटावे, आणि काहीच न दिसले तरी अक्षर बरे आहे म्हणोन भेटावे. रोज मधल्या सुट्टीत कोणी ना कोणी दाराशी उभे राही, काय चुकलं म्हणे, आणि मास्तर काही नाही, बस म्हणत. गणिताचे सरदार कुरकुरले की स्टाफरूमची धर्मशाळा झाली. परंतु रीत जुनी, ती एका माणसाने मोडत नाही. सहामाहीस ऋतुराज ऐवळे नामे हुशार पोरास पैकीच्या पैकी मार्क आणि खाली भेटावे. पोराने विचार केला, मार्क पैकीच्या पैकी आणि वर बोलावणे, तर नक्कल केली असाच संशय असणार. आणि शाळेत न येता तो मागच्या उसात जावोन बसला. गाव गोळा झाला, विहिरीत गळ टाकिले, मातेने हंबरडा फोडला. दिवेलागणीस पोर आपणच बाहेर आले, पाते लागोन तोंड ओरबाडलेले. दुसरे दिवशी त्याची माता त्यास घेवोन घोरपडे बाईंचे दरबारात आली आणि म्हणाली, "सगळं बरोबर हाय तर बोलावलं कशाला ओ? माझं लेकरू दिवसभर उसात बसलं, सर! काय बाय झालं असतं तर?" मास्तर ऋतुराजाचे ओरबाडलेले तोंड पाहात उभे राहिले आणि त्यांची मान खाली गेली. माता गेल्यावर घोरपडे बाईंनी दार लोटले आणि विचारले, "केंजळे सर, खरं सांगा, कशाला बोलावता मुलांना?" मास्तर म्हणाले, "घरी वाचून दाखवायला कोणी नाही हो, बाई." घोरपडे बाई, ज्यांचे चपलेस सारे राज्य भीत असे, त्या खिडकीकडे तोंड करोन उभ्या राहिल्या. परंतु राज्य ते राज्य. हुकूम सुटला, की येथोन पुढे हाताने शेरा लिहू नये, रबरी शिक्के मारावे.

शिक्के आले. छान, बरे, सुधारणा हवी. मास्तरांनी हुकूम पाळिला. पेपर तपासावे, शिक्का फुंकर घालोन मारावा, आणि गठ्ठा बांधावा. मधल्या सुट्टीत दाराशी कोणी येईना, आणि मास्तर डबा उघडोन लाडू तसाच परत नेऊ लागले. मार्गशीर्ष गेला, पौष गेला. फाल्गुनात मास्तरांची निवृत्ती ठरली, आणि शेवटच्या परीक्षेचा शेवटचा गठ्ठा हाती आला. तो त्यांनी मुद्दाम सावकाश तपासिला, जसे पोर बर्फाचा गोळा सावकाश खाते. तमन्नाचा पेपर निघाला. उत्तरे सर्व पुस्तकी, एकही हसावयाजोगे नाही. मास्तर खट्टू झाले आणि शिक्का उचलला, तो खाली निळ्या शाईत पोरीचे अक्षर दिसले, भेटावे. आता रीतीप्रमाणे बोलावणे आले म्हणजे गुन्हा असणार. मास्तरांनी बेरीज पुन्हा केली, ती बरोबर निघाली. मग श्रावणातला तो अर्धा गुण आठवला आणि त्यांस वाटले, तो पुरा द्यावयास हवा होता. रात्रभर तेच मनात घोळले.

मग निरोपसमारंभ जाहला, शाल आणि नारळ मिळाला, भाषणांत मास्तरांचे वय चुकीचे सांगितले गेले. सायंकाळी मास्तर इस्त्रीचा सदरा घालोन पेठेत गेले. दुकानात तमन्नाचे वडील घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब बुडवोन बुडबुडे पाहात होते, आणि ती फळीवर बसोन अभ्यास करीत होती. मास्तर पायरीखालीच उभे राहिले, सदऱ्याचे बटण चाचपीत, आणि म्हणाले, "काय चुकलं?" तमन्ना उठली. म्हणाली, "काही नाही. बसा, सर." आणि एक क्रेट पालथा घालोन पुढे केला. मग म्हणाली, "एक उत्तर पेपरात मुद्दाम लिहिलं नाही. लिहिलं असतं तर तुम्ही शिक्का मारला असता. पृथ्वी फिरते ते आपल्याला का कळत नाही, तर शेजारीपाजारी पण आपल्याबरोबरच फिरतात म्हणून." मास्तर हसले, वडील हसले, आणि पडद्यामागे, जेथे चूल होती, तेथोन तिची अम्मी मोठ्याने हसली. मास्तरांनी मान तिकडे वळविली आणि तशीच ठेविली. डोळ्यांस पाणी आले, ते त्यांनी पुसले नाही. मग खिशातले लाल पेन काढिले, कागद नव्हता, म्हणोन पोरीच्या तळहातावर पैकीच्या पैकी लिहिले.

घरी येवोन कुलूप काढिले, दिवा लाविला, आणि स्वयंपाकघराच्या दारात उभे राहोन मास्तरांनी ते उत्तर मोठ्याने ऐकविले. तिकडून काही आले नाही. तरी त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकविले.

सारांश, केंजळे मास्तरांस सेवेअंती मुलूख मिळाला नाही, वतन मिळाले नाही. मिळाला तो एक क्रेट, तोही गिऱ्हाईक आले की उठोन द्यावा लागतो. त्यावर ते सायंकाळी बसतात. लेखनसीमा.