इंजिनाची उजवी बाजू

यंदाच्या संक्रांतीला आमच्या शेजारच्या यादवकाकूंनी हळदीकुंकवाला वाण म्हणून वाफेचं इंजिन दिलं. खरं नव्हे, त्याचा फोटो, लॅमिनेट करून. नेरूळच्या आमच्या सोसायटीत आजवर स्टीलच्या वाट्या, प्लॅस्टिकचे डबे, आरसे असं सगळं वाण येऊन गेलंय, पण इंजिन पहिलंच. बायका एका हातात तिळगूळ नि दुसऱ्या हातात इंजिन घेऊन एकमेकींकडे बघत राहिल्या. काकू मात्र प्रत्येकीला बजावत होत्या, "नीट बघा गं. सावली बघा. सकाळचे साडेसात वाजलेत तिथं."

तसा तो फोटोही नव्हता. काकू कॉम्प्युटरवर रेल्वेचा एक गेम खेळतात. सिम्युलेटर म्हणतात त्याला. 'खेळतात' म्हटलेलं त्यांना चालत नाही. "खेळत न्हाय, बांधते." भंगारात गेलेली जुनी इंजिनं त्या पत्र्यापत्र्यानं, रिव्हेटरिव्हेटनं नव्यानं उभारतात, रुळांवर आणतात, ऊन जमवतात आणि जुन्या फोटोतलं दृश्य हुबेहूब जुळलं की स्क्रीनशॉट काढतात.

काकू मूळच्या कोरेगावच्या. इथल्याच पावणे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात ट्रेसर होत्या. साहेबांनी काढलेल्या मशीनच्या नकाशांवर पारदर्शक कागद ठेवून शाईनं गिरवायचं, हे काम. रिटायर झाल्या, काका गेले, मुलगा ऑस्ट्रेलियाला निघाला. जाताना "व्हिडिओ कॉलला बरा पडेल" म्हणून मोठा कॉम्प्युटर बसवून गेला. कॉल रविवारी अर्धा तास. उरलेला आठवडा इंजिनं.

एकदा मी साखर मागायला गेले तर काकू वही-पेन्सिल घेऊन कुकरसमोर उभ्या. शिट्ट्यांवर शिट्ट्या होतायत, डाळीचा पार लगदा झालेला, गॅस काही बंद होत नाही. "बघ, वाफ शिट्टीतनं निघताना दिसतच न्हाय. बोटभर वर गेली की मग पांढरी होती. माझ्या इंजिनात चुकलंय." मी हौसेनं माझ्या हनिमूनचा, डोंगरातल्या छोट्या गाडीपाशी काढलेला फोटो दाखवला, तर म्हणाल्या, "तुमी दोघं मधी कशाला उभे राहिलात? चाक झाकलंय की."

वाणातलं इंजिन देशावरच्या एका बंद पडलेल्या छोट्या लाइनीचं. त्याचा एकच फोटो शिल्लक होता, तोही डाव्या बाजूचा. उजवी बाजू काकूंनी विचार करकरून बसवली आणि फोनवरच्या हौशी मंडळींच्या ग्रुपवर टाकली. तिथं एक गृहस्थ फार जाणकार. त्यांनी लिहिलं, "उजवी बाजू मनची आहे. तिथे पंप असणं शक्य नाही. बाईंनी रांगोळी काढावी."

त्या दिवशी काकूंनी कुकरच लावला नाही. "इतकी वर्सं नकाशे गिरवलेत मी," एवढंच म्हणाल्या. "डावीकडं पंप न्हाय. मग बॉयलरला पाणी देणार कोण, ह्यांचा मामा?" तर्क बिनतोड होता. पण पुरावा नव्हता.

पुरावा निघाला सी विंगमधल्या फ्रिजवर. सुनीता मोरेनं ते वाण फ्रिजच्या दाराला चिकटवलं होतं. तिचे सासरे, आबा, गावाहून कायमचे राहायला आले. पाणी प्यायला म्हणून उठले ते फ्रिजसमोर उभेच. सुनीता घाबरली. "आबा, बरं वाटत नाही का?"

"आगं, ही आमची काळी हाय," आबा म्हणाले. "हिला हितं कुणी आणली?"

आबा त्याच इंजिनावर आधी फायरमन, मग ड्रायव्हर. दुसऱ्या दिवशी सकाळी सुनीता त्यांना काकूंकडे घेऊन आली. मीही धावले. काकूंनी आबांना पडद्यासमोर बसवलं आणि माऊस हातात घेतला.

"आबा, उजवी बाजू दाखवते. चुकली असंल तर खरं सांगा. मला राग न्हाय येणार."

इंजिन पडद्यावर हळूहळू वळलं. आबांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा लावला. मग पंपावर बोट टेकवलं. "ह्यो पंप."

"चुकला?"

"चुकतोय कसा? थंडीच्या दिसात भाकरी ह्याच्यावरच शेकायचो आमी. हे बघा." त्यांनी मनगटावरचा भाजल्याचा जुना डाग पुढं केला. "ह्याचीच निशाणी हाय."

काकू खुर्चीतून उठल्या त्या थेट माझ्या गळ्यात. "बरोबर हाय! गं, बरोबर हाय!" मी सगळं मोबाइलवर घेतलं होतं. काकूंच्या फोनवरून ते ग्रुपवर टाकलं. टाळ्यांचा नुसता पाऊस. ते जाणकार गृहस्थ बराच वेळ काहीतरी लिहीत-खोडत होते. शेवटी आलं: "आबांना नमस्कार. बाई, चुकलो."

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंच्या दारात चार फुटी रांगोळी होती: इंजिन, उजव्या बाजूनं, पंपासकट. तिचा फोटो त्यांनी ग्रुपवर पाठवला. खाली एक अक्षर नाही. लिफ्टमधून उतरणारं प्रत्येक माणूस त्या दिवशी भिंतीला अंग चोरून गेलं, पण रांगोळी कुणी मोडली नाही.

तेव्हापासून आबा रोज अकराला काकूंकडे येतात. इथं कोळशाचा ढीग जास्त झाला, तिथं पायरी खाली हवी, असं एकेक सांगतात. काकू दुरुस्त करतात. मग चहा.

परवा मी सहज डोकावले तर इंजिनाचा पुढचा दिवा चक्क धुराड्याच्या मागं. आता हे मलासुद्धा कळतं.

"काकू, दिवा भलतीकडेच लागलाय."

"माहितीय," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मीच हलवलाय. इंजिन पुरं झालंय गं. काय चुकलंच न्हाय तर आबा रोज कशाला येतील?"

तेवढ्यात बेल वाजली. मला डोळ्यांनीच गप्प करून काकूंनी दार उघडलं. आबा चपला काढता काढताच म्हणाले,

"काय ताई, आज काय चुकवून ठिवलंय?"